पानासाठी शेंडा, शेंड्यासाठी पान

तंबाखूला कळी आली की ती ठेवायची नसते. शिरोळ, हातकणंगले, कागल, चिकोडी या पट्ट्यात ज्यांनी ज्यांनी विडीची तंबाखू केली, त्या प्रत्येक घरात हे लहान पोरालाही ठाऊक असायचं. पावसाळ्यात लावलेलं रोप दोनेक महिन्यांत चांगलं वाढतं, शेंड्यावर कळ्यांचा झुबका दिसू लागतो, आणि मग घरची माणसं आणि रोजगारावर आलेल्या बाया सरीसरीनं चालत एकेक शेंडा मोडत जातात. फुलं उमलली असती तर फिकट गुलाबी, देखणी दिसली असती. पण तंबाखूच्या शेतात फूल दिसणं म्हणजे मालकाचं लक्ष नसणं. बियाण्यापुरती चार झाडं तेवढी सोडतात. तेवढी पुरतात, कारण तंबाखूचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त दाणे बसतात.

या मोडलेल्या शेंड्यांवर जी गावं उभी राहिली त्यांत जयसिंगपूर एक. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७च्या सुमारास हे गाव वसवलं आणि आपले जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे यांचं नाव त्याला दिलं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ सालीच सुरू झाली होती. त्या मार्गावर, आधी शिरोळ रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टेशनाला लागून, सरळ रस्ते आणि आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आखून बाजारपेठ वसवायची, असा हिशेब होता. तो बरोबर ठरला. शेंग, गूळ आणि तंबाखू या मालावर पेठ वाढली. व्यापारी आले, वखारी उभ्या राहिल्या, तंबाखूचे सौदे होऊ लागले. आज बाहेरगावच्या माणसाला जयसिंगपूर म्हटलं की दरवर्षीची ऊस परिषद आठवते. कृष्णा-पंचगंगेचं पाणी पाइपलाइनीनं रानात पोचलं आणि तंबाखूच्या बऱ्याच जमिनीवर ऊस उभा राहिला, हे त्याचं कारण. तरी या गावाचा पाया घालण्यात तंबाखूचा वाटा मोठा आहे. त्या पिकाला ताकद कशी येते हे समजून घ्यायचं, तर शेंडा मोडणाऱ्या बोटांपासूनच सुरुवात करावी लागते.

शेंडा मोडला की पान जाड होतं, रुंद होतं, जड होतं आणि कडक होतं. शेतकरी हे शतकानुशतकं अनुभवानं जाणत होता. त्यामागची यंत्रणा उलगडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

पहिली गोष्ट वाढीची. झाडाच्या टोकाशी असलेला कोंब ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो आणि ते खोडातून खाली जात राहतं. या संप्रेरकाच्या दबावाखाली पानांच्या बगलेतले डोळे झोपून राहतात. १९३० च्या दशकात केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी हे प्रयोगानं दाखवलं. टोक काढलं की दबाव संपतो आणि प्रत्येक बगलेतला डोळा जागा होऊन फुटवा टाकतो. झाडाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे. मुख्य शेंडा गेला, बी धरायची वाट बंद झाली, तेव्हा दुसरी वाट काढायची. पण शेतकऱ्याला हे फुटवे नको असतात, कारण पानाकडे जाणारं अन्न ते वाटेतच घेतात. म्हणून शेंडा खुडणं हे एका दिवसाचं काम राहत नाही. पुढे कापणीपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा शेतात उतरून बगलफुटवे काढावे लागतात. एका फुटव्याच्या जागी काही दिवसांनी दुसरा येतो. डेकॅनॉलसारखी रसायनं फवारून फुटवे जाळता येतात, पण लहान शेतकऱ्याच्या रानात हे काम हातांनीच होत आलं, आणि ते हात बहुतेक बायकांचे होते.

दुसरी गोष्ट निकोटिनची, आणि ती जास्त नवलाची आहे. निकोटिन पानात सापडतं म्हणून ते पानातच तयार होत असेल, असं कुणालाही वाटेल. १९४२ साली रे डॉसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं साधं कलम बांधून हा समज मोडला. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचा कोंब बांधला, तर वाढलेल्या तंबाखूच्या पानांत निकोटिन जवळजवळ नव्हतंच. उलट तंबाखूच्या मुळावर टोमॅटो बांधला, तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन उतरलं. म्हणजे कारखाना मुळाशी आहे आणि पान हे कोठार. शेंडा मोडल्यावर मुळांची वाढ जोर धरते, निकोटिन जास्त तयार होतं आणि ते साठवायला मोजकीच पानं उरलेली असतात.

मुळांना शेंडा मोडल्याची बातमी कशी लागते? झाडाच्या अंगावर जखम झाली की जॅस्मोनेट गटातली संप्रेरकं तयार होतात आणि त्यांचा इशारा मुळांपर्यंत पोचतो. निकोटिन हे मुळात किडीसाठी ठेवलेलं विष आहे. अळीनं पान कुरतडलं की झाड विष वाढवतं. इयन बाल्डविन यांनी अमेरिकेतल्या उटाच्या वाळवंटात उगवणाऱ्या रानतंबाखूवर अनेक वर्षं काम करून हे बारकाईनं दाखवलं. आपल्याकडच्या शेतात माणसाचं नख तेच करतं. झाडाला वाटतं, आपल्यावर कुणीतरी चरतंय. त्या भीतीपोटी ते जे विष साठवतं, ते विडीच्या झुरक्यातून माणसाच्या रक्तात जातं. तंबाखूची ताकद जमिनीतून आणि बियाण्यातून येते, हे खरंच. पण तिचा मोठा भाग शेवटच्या दोन महिन्यांत माणसाच्या हातानं घडवलेला असतो. माझ्या मते हे न समजता तंबाखूविषयी बोलणं अपुरं आहे.

पानावर तांबूस ठिपके उमटू लागले की माल पक्व झाला. मग कापणी, शेतातच उन्हात वाळवण, उलथापालथ, आणि पुढे झोडपून, चुरून, चाळून पत्ती आणि काडी वेगळी करणं. काडीत निकोटिन कमी, म्हणून तिचा भाव कमी. शेतात जे खुडणीनं केलं, तेच वखारीत चाळणीनं पुढे नेलं जातं. ज्या भागात ताकद साठली तो एकीकडे, बाकीचा दुसरीकडे.

आता दुसऱ्या एका झाडाकडे वळू. तेही पावसाळ्यात पेरलं जाई, थंडीत कापलं जाई, आणि एके काळी याच मुंबई इलाख्यात सरकारी परवान्यानं पिकवलं जाई.

गांजाच्या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी असते. पराग वाऱ्यावर जातो. नशेचं द्रव्य, ज्याला टीएचसी म्हणतात, ते मादीच्या फुलांभोवतीच्या बारीक पानांवर असलेल्या चिकट ग्रंथींत साठतं. रॅफेल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली इस्रायलमध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. फूल फळलं, बी धरू लागलं, की झाडाची शक्ती बियाकडे वळते आणि चिकाचं प्रमाण घटतं. म्हणून गांजा पिकवणाऱ्याचं मोठं काम नर झाडं वेळीच ओळखून उपटण्याचं. तंबाखूत फूलच काढतात, इथे फूल राखतात आणि ते फळू देत नाहीत. वाटा उलट्या, पण डाव एकच. बी धरू द्यायचं नाही आणि झाडाची कमाई आपल्याला हव्या त्या भागात वळवायची.

या शेतीची सगळ्यांत तपशीलवार नोंद १८९४ सालच्या अहवालात आहे. ब्रिटिश सरकारनं १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजा-चरस यांची चौकशी करणारा आयोग नेमला. हजाराहून जास्त साक्षी झाल्या आणि अहवालाचे सात खंड झाले. सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि नियंत्रण पुरेसं आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली परवान्यानं गांजा पिकवला जाई, आणि त्यात अहमदनगर जिल्हा आघाडीवर होता. बंगालमध्ये राजशाहीकडच्या नौगाव भागात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, नर झाडं ओळखणारे खास जाणकार असत. त्यांना पोद्दार म्हणत. शेतकरी त्यांना मजुरी देऊन शेतात आणायचा, आणि फूल उमलायच्या आधीच ते एकेक झाड पाहून नर मोडून टाकायचे. एखादं जरी नजरेतून सुटलं, तरी त्याचा पराग साऱ्या शेतावर उडणार.

कापणीनंतरची छाटणीही करापर्यंत पोचलेली होती. फुलांचे तुरे पायानं तुडवून चपटे केले की तो चपटा गांजा. आपल्या इलाख्यात हीच रीत होती. बंगालमध्ये लाकडी काड्या आणि मोठी पानं जास्त काढून तुरे गोल वळले की तो गोल गांजा. आणि काडी अजिबात नसलेला, गळून पडलेला फुलांचा चुरा तो चूर. बंगालमध्ये सरकारनं तिघांवर वेगवेगळा कर बसवला होता. चपट्यावर सगळ्यांत कमी, कारण त्यात लाकूड जास्त. चुरावर सगळ्यांत जास्त, कारण त्यात निव्वळ माल. म्हणजे माल किती छाटला आहे, यावर खजिन्यात किती पैसे जमा होणार हे ठरत होतं. तंबाखूलाही सरकारी तराजू चुकला नाही. १९४३ साली केंद्र सरकारनं कच्च्या तंबाखूवर अबकारी कर बसवला, आणि तो थेट १९७९ पर्यंत राहिला.

गांजाचा परवाना मात्र संपला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केली, आणि १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला, जो बोलीभाषेत एनडीपीएस म्हणून ओळखला जातो. या कायद्यानं गांजाची जी व्याख्या केली, ती शेतात छाटणी करणाऱ्याच्या नजरेतूनच लिहिल्यासारखी आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्याबरोबर नसतील, तर बिया आणि पानं त्यात मोजायची नाहीत. पान वेगळं झालं की ते केंद्राच्या या व्याख्येबाहेर जातं आणि राज्याच्या कायद्याखाली येतं. उत्तर भारतात भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात, ती यामुळे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, त्यामुळे परवान्याशिवाय इथे तीही चालत नाही. आणि शेंड्यावरचा चीक हातानं चोळून, खरवडून वेगळा काढला, तर तो चरस. त्याचा हिशेब आणखी कडक आहे. गांजाची व्यापारी मात्रा २० किलो धरतात, चरसाची १ किलो. झाड एकच, पण त्याच्या पानाला, शेंड्याला आणि चिकाला तीन वेगवेगळी कायदेशीर नावं आणि तीन वेगवेगळ्या शिक्षा.

हे वाचून कुणी घरामागे कुंडीत एखादं झाड लावायचा विचार करू नये. एकाही झाडाला सूट नाही. लागवड हाच गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडांना परवानगी दिली, जर्मनीनं एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. तिथे लोक स्वयंपाकघरातल्या टेबलावर कात्री घेऊन पानं छाटत बसतात. जयसिंगपुरात त्याच कात्रीनं तुरुंगाची वाट धरावी लागते.

पश्चिम महाराष्ट्रात सांगली, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत उसाच्या, मक्याच्या किंवा हळदीच्या आडोशाला लावलेली गांजाची झाडं पोलीस अधूनमधून पकडतात. तिथे छाटणीचा प्रश्न एका वेगळ्याच ठिकाणी उभा राहतो. पंचनाम्यात झाडं उपटली जातात आणि पुष्कळदा मुळं, खोड, पानं, ओली फुलं असं सगळं एकत्र वजनाला लागतं. ओल्या झाडाचा बहुतांश भाग पाणी असतो. त्यात खोड आणि पानं कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. मग पोत्यातले वीस-पंचवीस किलो खरोखर गांजा किती? हा आकडा किरकोळ नाही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस, शिवाय जामीन मिळणं फार अवघड. मुंबई उच्च न्यायालयानं काही जामीन अर्जांत नेमका हाच मुद्दा धरला. शेंडे वेगळे करून तोलले नसतील, तर व्यापारी मात्रा होती असं प्रथमदर्शनी मानता येत नाही. अहमदनगरच्या शेतात जे काम मजूर करीत होता, ते आता पंचांसमोर व्हायला हवं. मला हे योग्य वाटतं. माणसाच्या आयुष्यातली दहा वर्षं खोडाच्या वजनावर ठरू नयेत.

राहता राहिले हात. खुडणी करणाऱ्याच्या हाताला दोन्ही झाडं चिकटतात. तंबाखूच्या पानावरच्या केसांतून चीक सुटतो, काही तासांत बोटांवर काळा थर बसतो आणि तो साध्या पाण्यानं निघत नाही. गंमत अशी, की गांजाच्या चिकात नशा भरलेली असते, तर तंबाखूच्या या चिकात निकोटिनचा मोठा साठा नसतो. तो पानाच्या आत असतो. पण निकोटिन पाण्यात सहज विरघळतं. पहाटेच्या दवात किंवा पावसात भिजलेल्या पानांत हात घातले, की दवाबरोबर ते कातडीतून अंगात शिरतं. मग मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर, हातपाय गळून जाणं. शेतात न्याहारी न केल्यानं, उन्हानं किंवा पित्तानं असं झालं असावं, असं समजून बाई घरी जाऊन पडते. या त्रासाला वैद्यकशास्त्रात हिरव्या तंबाखूचा आजार म्हणतात. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या मजुरांत तो १९७० साली नोंदवला गेला. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं गुजरातच्या तंबाखू मजुरांत त्याचा अभ्यास केला आणि तो सर्रास आढळला. जन्मात कधी तंबाखू तोंडात न घातलेल्या बाईला जास्त त्रास होतो, कारण तिच्या शरीराला निकोटिनची सवय नसते.

वखारीत वेगळाच त्रास होता. तिथे पान कोरडं, त्यामुळे धूळ. पदर नाका-तोंडावर बांधून झोडपणी, चाळणी, निवडणी करायची आणि दिवसभर खोकत-शिंकत राहायचं. निपाणीच्या वखारींतल्या बायकांविषयी लेखक अनिल अवचटांनी लिहिलं, आणि मराठी वाचकाला पहिल्यांदा कळलं की विडीच्या पुड्यामागे कुणाची छाती आहे. या बायका प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्यांच्या साथीनं संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटानं १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्याच सुमारास, १९८१ च्या वसंतात, तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. एकाच पिकातले दोन लढे, एक शेतकऱ्याचा भावासाठी आणि एक वखारीतल्या मजूर बाईचा मजुरीसाठी. पहिल्याच्या तारखा लोकांना आठवतात, दुसऱ्याच्या फारशा नाही. हा विसर मला खटकतो, कारण पहिल्या लढ्यातला माल दुसऱ्या लढ्यातल्या हातांवाचून बाजारात पोचलाच नसता.

धुळीचा हा धडा जग आता गांजाच्या नव्या, कायदेशीर कारखान्यांत पुन्हा शिकत आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२२ च्या जानेवारीत अशा एका कारखान्यातली कामगार स्त्री दळलेल्या गांजाच्या धुळीनं जडलेल्या दम्यानं मरण पावली. तिथल्या आरोग्य खात्यानं त्याची रीतसर नोंद केली, कारण तिथे तो उद्योग उजेडात आहे. आपल्याकडची तंबाखूही उजेडातच आहे. सौदा उघड होतो, पावती मिळते. तिच्यासाठी जे करायचं ते अवघड नाही, आणि ते ज्याच्या रानात किंवा वखारीत काम चालतं त्यानं करायचं आहे. दव उतरल्यावर खुडणीला जावं. पाऊस पडून गेला असेल तर पानं सुकू द्यावीत. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रबरी हातमोजे मालकानं द्यावेत, आणि भिजलेला कपडा अंगावर वाळू देऊ नये. भाकरीला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायला बांधावर पाण्याची घागर आणि साबण हवा. गरोदर बाईला आणि शाळकरी पोराला खुडणीला लावू नये. वखारीत धूळ ओढून बाहेर टाकणारे पंखे हवेत आणि नाकाला साडीच्या पदराऐवजी बरा मास्क हवा. आणि खुडणीच्या दिवसांत कुणाला उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगावं, की आज तंबाखूच्या ओल्या पानात काम केलं आहे.